डीओच्या प्रवेशाला नेमकं काय लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेक न्यू जर्सीत बायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) ३.५५, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस. कॉलेजच्या सल्लागाराने तिला डीओचाही (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, म्हणजे अमेरिकेत डॉक्टर होण्याची एमडीशिवायची दुसरी पदवी) विचार कर असं सांगितलं. तुम्हाला विचारायचंय की डीओ म्हणजे पूर्ण डॉक्टर का, प्रवेशाला काय काय लागतं, ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय आणि मुलगी एच-४ वर (पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे त्याचं काय, आणि नाशिकला बी.एस्सी. करणाऱ्या भाच्यालाही अर्ज करता येईल का. मी मिशिगनमध्ये फॅमिली मेडिसिनची डॉक्टर आहे, स्वतः डीओ आहे, आणि बरीच वर्षं एका डीओ कॉलेजसाठी अर्ज वाचते, मुलाखती घेते. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

पहिली शंका आधी मिटवते. अमेरिकेत डीओ हा एमडीइतकाच पूर्ण डॉक्टर. पन्नासही राज्यांत औषधं लिहून देण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा, कुठल्याही शाखेत काम करण्याचा तोच परवाना. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल कॉलेज, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण. सगळा रस्ता सारखाच. नातेवाईक विचारतील की ही हाडांची डॉक्टर होणार का; तर नाही, तिला हवं तर ती हृदयरोगतज्ज्ञ होईल किंवा भूलतज्ज्ञ. राष्ट्राध्यक्ष असताना बायडेन यांचे डॉक्टर असलेले केव्हिन ओ'कॉनर डीओच आहेत. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्या रेसिडेन्सीचं मॅचही (म्हणजे जागांचं वाटप) एकत्र होतं, आणि अलीकडच्या वर्षांत डीओच्या शेवटच्या वर्षातले नव्वद टक्क्यांहून जास्त विद्यार्थी त्यात लागतात.

फरक कुठे आहे तर इतिहासात आणि हातांत. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरची मुलं १८६४ मध्ये मेनिंजायटिसने गेली. त्या काळची औषधं म्हणजे पारा आणि अफू. त्यातून त्याचा प्रचलित उपचारांवरचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने आपली पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल या छोट्या गावात कॉलेज काढलं. पहिल्याच तुकडीत स्त्रिया होत्या, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. पुढे या कॉलेजांनी आधुनिक वैद्यक पूर्ण स्वीकारलं, पण शरीराची रचना आणि त्याचं काम एकमेकांवर अवलंबून असतं हा धागा सोडला नाही. म्हणून डीओचे विद्यार्थी बाकी सगळ्या अभ्यासासोबत सुमारे दोनशे तास हाताने तपासायला आणि हाताने उपचार करायला शिकतात. त्याला आम्ही ओएमएम म्हणतो. त्याकडे पुढे येते, कारण प्रवेशाशी त्याचा थेट संबंध आहे.

आता कागदावरच्या अटी. सगळीकडे थोड्याफार फरकाने याच असतात: बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी आठ सेमिस्टर क्रेडिट आणि तेही लॅबसह, इंग्रजीचे सहा, आणि आता बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्रीचे तीन. काही कॉलेजं ऑरगॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरऐवजी बायोकेमिस्ट्री चालवून घेतात. नियमाने पाहिलं तर नव्वद क्रेडिट किंवा पदवीचा पाऊण भाग झाला तरी अर्ज करता येतो, पण पदवीशिवाय आत जाणारे फार थोडे. प्रत्येक विषयात किमान सी लागतो. म्हणजे तुमच्या लेकीचा सी प्लस नियमात बसतो. त्या एका ग्रेडसाठी तिने तोच कोर्स पुन्हा घ्यावा असं मला वाटत नाही.

असं का, ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या बऱ्याच पालकांच्या डोक्यात याबाबत जुनी माहिती बसलेली आहे. पूर्वी डीओच्या केंद्रीय अर्जात एखादा विषय पुन्हा घेतला की जुना ग्रेड गळून पडायचा आणि नवाच धरला जायचा. २०१७ मध्ये ती सोय बंद झाली. आता दोन्ही ग्रेड मोजले जातात. सी प्लसच्या जोडीला ए मिळवून जीपीए जेमतेम हलवण्यापेक्षा तिने बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी असे वरचे विषय घ्यावेत आणि तिथे चांगलं करून दाखवावं. अर्ज वाचताना आम्ही आकड्याइतकाच चढ-उतार बघतो. पहिल्या दोन वर्षांत घसरलेली आणि पुढे सावरलेली मुलगी मला काळजीत टाकत नाही. उलट पहिल्या वर्षी ३.९ आणि मग दर सेमिस्टरला खाली येणारी मुलगी दिसली की मी थांबून पुन्हा वाचते.

डीओला प्रवेश मिळवणाऱ्यांची जीपीएची सरासरी साधारण ३.६ च्या आसपास असते. म्हणजे ३.५५ सरासरीला लागूनच आहे. एक बारकावा लक्षात असू द्या: डीओच्या अर्जात सायन्स जीपीए वेगळा काढतात आणि त्यात गणित धरत नाहीत, एमडीच्या अर्जात धरतात. गणितात चांगल्या असलेल्या आपल्या मुलांचा इथे आकडा थोडा खाली येतो, मग घरात घबराट होते. तसंच, शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजमधून घेतलेला एखादा कोर्ससुद्धा ट्रान्सक्रिप्टसह नोंदवावा लागतो. तो राहिला तर अख्खा अर्ज पडताळणीत अडकतो.

आता एमकॅट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा. गुण ४७२ ते ५२८, मध्य ५००. डीओला प्रवेश घेणाऱ्यांची सरासरी ५०३-५०४ च्या घरात, एमडीवाल्यांची ५११ च्या वर. चार भाग असतात. तीन विज्ञानाचे आणि एक निव्वळ वाचनाचा, ज्याला सगळे कार्स म्हणतात. नव्वद मिनिटांत नऊ उतारे आणि त्रेपन्न प्रश्न. तत्त्वज्ञान, कला, इतिहास, समाजशास्त्र असे उतारे, आणि बाहेरच्या माहितीचा काही उपयोग नाही. आपल्या घरांतली मुलं इथेच अडकतात, कारण फिजिक्सची पुस्तकं आणून देणारे आपण मुलांनी लांब निबंध वाचावेत म्हणून कधी जीव टाकत नाही. हा भाग दोन महिन्यांच्या क्लासने सुधारत नाही. तिने आजपासून रोज एक लांब, कठीण लेख वाचून लेखकाला काय म्हणायचंय ते दोन वाक्यांत लिहून काढायला सुरुवात केली, तर दीड वर्षात फरक पडेल. कुठल्याही महागड्या कोर्सपेक्षा मला यावर जास्त विश्वास आहे. आणि पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत हवा तो गुण सातत्याने येईपर्यंत खरी परीक्षा देऊ नये. गुण साधारण तीन वर्षं चालतात, पण आधीचे सगळे प्रयत्न कॉलेजला दिसतात.

इथपर्यंतचं सगळं वेबसाइटवर मिळतं. आता मला जे मनापासून सांगायचंय ते.

आकडे दार उघडतात, पण त्या दारात बरोबरीचे आकडे असलेली शेकडो मुलं उभी असतात. अर्ज वाचताना मी शोधते ती एक गोष्ट: या मुलीला डॉक्टरचं काम जवळून माहीत आहे का, आणि डीओ कॉलेजला ती मागणी घालतेय ती समजून, की एमडीला नाही लागलं तर असू दे म्हणून. दुसऱ्या प्रकारचा अर्ज ओळखू येतो. निबंध एमडीच्या अर्जातून उचललेला असतो, शेवटी एक परिच्छेद चिकटवलेला असतो, त्यात 'होलिस्टिक' हा शब्द तीनदा येतो. मुलाखतीत 'डीओच का?' विचारलं की ऑस्टिओपॅथीची चार तत्त्वं पाठ म्हणून दाखवतात. मी विचारते, यातलं तू प्रत्यक्ष काय पाहिलंस? तिथे गाडी थांबते.

याउलट मला एक मुलगी आठवते. तिचे एमकॅटचे गुण बेताचे होते. तिने एका डीओच्या दवाखान्यात काही महिने आठवड्यातून एक सकाळ घालवली होती. ती सांगत होती: आठवा महिना लागलेली एक बाई आली, कंबर इतकी धरलेली की टेबलावर चढताना नवऱ्याचा हात लागला. डॉक्टरांनी तिला कुशीवर झोपवलं, अंगठा त्रिकास्थीच्या कडेला ठेवला, आणि तिला सांगितलं की माझ्या हाताविरुद्ध पाय हळूच रेट, आता सोड, पुन्हा रेट. मग मुलगी म्हणाली, 'मला वाटत होतं की डॉक्टर जोर लावतायत, पण जोर ती बाईच लावत होती, डॉक्टर फक्त धरून होते.' मसल एनर्जी नावाचं जे तंत्र आम्ही शिकवतो त्याचं मर्म तिला नाव माहीत नसताना कळलं होतं. नंतर त्याच बाईचं रक्तदाब आणि साखर तपासणं, औषध बदलणं हेही त्याच वीस मिनिटांत झालं, हेही तिने सांगितलं. माझ्या दृष्टीने 'डीओच का' या प्रश्नाचं उत्तर झालं होतं.

म्हणून शॅडोइंगची, म्हणजे डॉक्टरसोबत राहून त्याचं काम पाहण्याची, मी एवढी भलामण करते. एखाद्या डीओचं शिफारसपत्र काही कॉलेजं सक्तीने मागतात, बाकीची मागत नसली तरी ते असलं तर बरं असं स्पष्ट म्हणतात. शिवाय विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं पत्र जवळपास सगळीकडे लागतं. कॉलेजात प्री-मेड समितीचं पत्र मिळत असेल तर बहुतेक ठिकाणी तेही चालतं. आपल्या लोकांत एक सवय आहे, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या मोठ्या डॉक्टर काकांकडून पत्र घ्यायची. काका कितीही मोठे असोत, त्यांनी मुलीला गणपतीत मोदक वाढतानाच पाहिलं असेल तर त्या पत्राला वजन नाही. आपल्या लॅबमध्ये येऊन प्रश्न विचारणाऱ्या मुलीबद्दल एखाद्या तरुण प्राध्यापकाने लिहिलेलं अर्धं पान जास्त कामाचं. त्यासाठी तिला ऑफिस अवर्सना जावं लागेल, आणि ते तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून.

आणखी एक, जे फक्त आपल्या घरांतून येतं. सुट्टीत पुण्याला किंवा कोल्हापूरला जाऊन मामाच्या हॉस्पिटलमध्ये महिनाभर राहायचं आणि अर्जात 'शस्त्रक्रियेत सहाय्य केलं' असं लिहायचं. कृपा करून हे करू देऊ नका. प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने परदेशात रुग्णाला हात लावला हे इथे अभिमानाचं नसून नैतिकतेचा प्रश्न ठरतं, आणि मुलाखतीत त्यावरच खोदून विचारलं जातं. तिथे जाऊन नुसतं पाहिलं, खेड्यातल्या आरोग्य केंद्रात लोक किती लांबून चालत येतात ते टिपलं, तर तसं प्रामाणिकपणे लिहावं. तेवढं पुरेसं आणि चांगलं आहे. पण इथल्या रुग्णांशी आलेल्या संबंधाची जागा ते घेत नाही.

त्या संबंधासाठी मुलं सहसा स्क्राइब होतात (डॉक्टरांच्या नोंदी लिहितात), ईएमटी होतात (रुग्णवाहिकेवर काम करतात), नर्सिंग होममध्ये सहायक म्हणून काम करतात. तुमच्या लेकीचा इथे अडथळा आहे: एच-४ वर तिला पगारी काम करता येत नाही. तेव्हा तिने हॉस्पिटलमधली स्वयंसेवा, हॉस्पिस, मोफत दवाखाने यांकडे वळावं. हॉस्पिसचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मरणासन्न माणसाजवळ आठवड्याचे दोन तास बसणारी वीस वर्षांची मुलगी स्वतःबद्दल आणि या पेशाबद्दल जे शिकते ते कुठल्या लॅबमध्ये मिळत नाही. एक सावधगिरी: जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते फुकटात करणंही व्हिसाच्या नियमात अडचणीचं ठरू शकतं. स्वयंसेवा ही संस्थेच्या नेहमीच्या स्वयंसेवक कार्यक्रमातूनच असावी.

व्हिसाचा विषय निघालाच आहे, तर तुमच्यासाठी हाच सगळ्यांत गंभीर. एकविसाव्या वर्षी ती एच-४ मधून बाहेर पडेल आणि बहुधा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जाईल. तुमच्या आय-१४० च्या अर्जाला (ग्रीन कार्डसाठी कंपनी करते तो अर्ज) मंजुरीसाठी जितके दिवस लागले तितके तिच्या वयातून वजा होतात, पण ते ग्रीन कार्डचा नंबर हातात येईल तेव्हाच्या वयातून. भारतीयांची रांग पाहता बहुतेक घरांत त्याचा उपयोग होत नाही. तुमच्या बाबतीत काय होईल ते इमिग्रेशन वकिलाकडून आत्ताच लेखी घ्या, तिच्या वाढदिवसाची वाट बघू नका.

प्रवेशाच्या बाजूने पाहिलं तर ग्रीन कार्ड नाही म्हणजे ती इथल्या शाळेत शिकलेली असली तरी बहुतेक कॉलेजांच्या लेखी आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी. चाळीसहून अधिक डीओ कॉलेजांपैकी बरीच अशा विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. जी घेतात, त्यांतली काही वर्षाची किंवा चारही वर्षांची फी आधी ठेव म्हणून दाखवायला सांगतात. हे धोरण वरचेवर बदलतं, म्हणून दुसऱ्या कुणाच्या यादीवर न जाता प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. प्रश्न नेमका विचारा: 'एच-४ किंवा एफ-१ वर असलेली, सगळं शिक्षण अमेरिकेत झालेली विद्यार्थिनी पात्र आहे का, आणि आर्थिक हमी काय लागते?' नुसतं 'इंटरनॅशनल चालतं का' विचारलं तर कधीकधी कॅनडापुरतं असलेलं 'हो' मिळतं.

पैशाचंही बोलून घेते. खासगी डीओ कॉलेजांची नुसती फी वर्षाला ५५ ते ७० हजार डॉलरच्या घरात आहे, राहणं-खाणं वेगळं. केंद्र सरकारचं कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच. त्यांच्यासाठीही २०२५ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांचं ग्रॅड प्लस कर्ज बंद झालं आणि वैद्यकीयसारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा आली. तुमच्या लेकीला सध्या तरी खासगी बँकेचं कर्ज, तेही बहुतेकदा नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेला सहकर्जदार घेऊन, हाच मार्ग. घरातल्या दोघांनी बसून हा हिशेब आधी मांडा. पुढे रेसिडेन्सीतही प्रश्न संपत नाही: सगळेच कार्यक्रम एच-१बी हा नोकरीचा व्हिसा देत नाहीत, त्यामुळे तिच्या निवडीचा पट थोडा आकसतो.

तरीही मी तिला थांब म्हणणार नाही. मी एक उलटा मार्ग सुचवते: पदवीनंतर लगेच अर्ज करण्याची घाई करू नका. ती एफ-१ वर गेली तर पदवीनंतर ओपीटीवर (एफ-१ वाल्यांना मिळणारी कामाची परवानगी) तिला आपल्या विषयातलं पगारी काम करता येतं, एखाद्या क्लिनिकल संशोधनाच्या गटात वगैरे. म्हणजे एच-४ वर जे बंद होतं ते दार तेव्हा उघडतं, आणि चौथ्या वर्षाचे चांगले ग्रेडही अर्जात धरले जातात. आपल्याकडे पदवीनंतरचं असं वर्ष म्हणजे 'वर्ष वाया गेलं' अशी समजूत आहे. मला भेटलेल्या विद्यार्थ्यांत जे एक-दोन वर्षं काम करून आले ते रुग्णांसमोर जास्त स्थिर असतात, आणि आज प्रवेश घेणाऱ्यांत अशांची संख्या मोठी आहे. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी मात्र याबाबत सहा महिने आधी बोलायला हवं.

वेळापत्रक सोपं आहे, पण त्यात हयगय चालत नाही. डीओचा केंद्रीय अर्ज, ज्याला ॲकोमास म्हणतात, प्रवेशाच्या आदल्या वर्षी मेच्या सुरुवातीला खुला होतो. अर्ज येतील तसे वाचले जातात, मुलाखती होतील तशा जागा भरत जातात. अंतिम मुदत फेब्रुवारी-मार्चची दिसली तरी तेव्हा उरतात त्या प्रतीक्षायादीच्या जागा. जूनमध्ये अर्ज गेला पाहिजे, म्हणजे एमकॅट त्या वर्षीच्या एप्रिल-मेपर्यंत झालेली असली पाहिजे. मुख्य निबंधाला ५,३०० अक्षरं मिळतात. पहिल्या कॉलेजला साधारण २०० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला साठेक डॉलर, आणि मग प्रत्येक कॉलेजचा आपला दुय्यम अर्ज, त्याची फी वेगळी. हे दुय्यम अर्ज दोन आठवड्यांत परत जावेत. प्रवेश मिळाल्यावर जागा धरायला जी अनामत भरावी लागते ती हजार-दोन हजारांच्या पुढे जाऊ शकते आणि बहुतेकदा परत मिळत नाही. टेक्सासची रीत थोडी निराळी. तिथल्या सरकारी कॉलेजांचा अर्ज मुख्यतः राज्याच्या वेगळ्या यंत्रणेतून जातो आणि जागाही मुख्यतः राज्यातल्यांनाच.

तुमच्या भागात नशीब चांगलं आहे. स्ट्रॅटफर्डचं रोवन-व्हर्च्युआ तुमच्याच राज्याचं, फिलाडेल्फियाचं पीकॉम १८९९ पासूनचं, शिवाय लाँग आयलंडवर एनवायआयटी आणि हार्लेममध्ये टुरो. यांच्यापैकी कोण एच-४ ला घेतं ते वर सांगितलं तसं विचारा. त्यापलीकडे यादी करताना कॉलेज किती जुनं यापेक्षा मी एक गोष्ट आधी बघते: तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं प्रशिक्षण कुठल्या हॉस्पिटलांत होतं. काही नव्या कॉलेजांना स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं, विद्यार्थी चार राज्यांत विखुरतात, दर काही महिन्यांनी घर बदलतात. कॉलेजांना आपले परीक्षांचे आणि मॅचचे निकाल जाहीर करावे लागतात; ते वाचा. तिला शस्त्रक्रियेसारख्या चुरशीच्या शाखेकडे जायचं असेल तर हेही माहीत असू द्या की डीओंची स्वतःची परीक्षा कॉम्लेक्स असली तरी अशा शाखांसाठी बरेच विद्यार्थी एमडीवाल्यांची यूएसएमएलईही देतात. अभ्यास दुहेरी होतो, आणि काही कार्यक्रमांत अजूनही एमडीला झुकतं माप मिळतं. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग, इमर्जन्सी इथे मला तसा फरक जाणवत नाही.

आता हातांचं राहिलं होतं ते. प्रत्येक डीओ कॉलेज तांत्रिक पात्रतेच्या कागदावर सही घेतं, आणि त्यात ओएमएमच्या लॅबचा भाग असतो. तो मुलं न वाचता सही करतात. लॅबमध्ये विद्यार्थी एकमेकांवरच शिकतात. शॉर्ट्स आणि स्पोर्ट्स ब्रा घालून टेबलावर पालथं झोपायचं, आणि शेजारचा मुलगा किंवा मुलगी पाठीचा एकेक मणका बोटांनी मोजत खाली येणार. मग अदलाबदल. आपल्या घरांत वाढलेल्या अनेक मुलींना पहिले काही आठवडे हे जड जातं. अडचण सांगितली तर कॉलेजं जोडीदार बदलणं, कपड्यांत थोडी सूट देणं अशी सोय करतात, पण लॅब टाळता येत नाही. याबद्दल तिच्याशी घरात मोकळेपणी बोला, शक्यतो आईने. आणि स्पर्शाची ही शिकवण खरंच मोलाची आहे. सुरुवातीला आम्ही एक केस कागदाखाली ठेवतो आणि बोटाने शोधायला सांगतो, मग एकावर एक कागद वाढवत जातो. पहिल्या दिवशी दोन कागदांखालचा केस न सापडणाऱ्या मुलांना काही महिन्यांनी कितीतरी जास्त कागदांखालचा सापडतो. पुढे हीच बोटं पोटावर ठेवल्यावर कुठे स्नायू ताठरतोय ते स्कॅनच्या आधी सांगतात.

प्रवेश ठरल्यावर लसीकरण, पार्श्वभूमी तपासणी आणि ड्रग टेस्ट असते. ती भारतात जन्मली असेल आणि दंडावर बीसीजीचा व्रण असेल तर टीबीची त्वचेची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते. तिने सरळ रक्ताची चाचणी मागावी, म्हणजे एक्स-रे आणि औषधांचा फेरा टळतो.

शेवटी भाच्याबद्दल. नाशिकच्या बी.एस्सी.वर थेट अर्ज करणं जवळपास शक्य नाही. बहुतेक कॉलेजांना आवश्यक विषय अमेरिकेत किंवा कॅनडात शिकलेले लागतात, परदेशी ग्रेड केंद्रीय अर्जाच्या जीपीएत धरलेच जात नाहीत, आणि व्हिसाची अडचण तुमच्या लेकीपेक्षा त्याला जास्त. इथे येऊन पुन्हा दोनेक वर्षांचे विषय घ्यायचे, मग अर्ज, मग चार वर्षांची फी स्वतःच्या खिशातून, एवढी ऐपत असेल तरच हा रस्ता. त्याला डॉक्टर व्हायचं असेल तर 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन एमबीबीएस, आणि अमेरिकेत यायचंच असेल तर त्यानंतर यूएसएमएलई, हा मार्ग हजारो भारतीय डॉक्टरांनी चालून दाखवलेला आहे. एमबीबीएस मधेच सोडून डीओच्या दुसऱ्या वर्षात येता येईल अशी आशा त्याला कुणी दाखवत असेल तर ती खोटी आहे.

आणि एक सावध करते. भारतात आणि युरोपात ऑस्टिओपॅथीचे जे अभ्यासक्रम आहेत ते हाताने उपचार करणाऱ्या थेरपिस्टांचे आहेत. ब्रिटनमध्ये तर १९९३ च्या कायद्याने त्यांची स्वतंत्र नोंदणी होते. ते त्यांच्या जागी चांगलं काम करतात, पण ती पदवी घेऊन अमेरिकेत डॉक्टर होता येत नाही. अलीकडे मला फिजिओथेरपी केलेल्या मुलांचे प्रश्न येतात की अमुक कोर्सने 'डीओ' लावता येईल असं सांगितलं आहे. भाच्याने असल्या कुठल्या संस्थेला पैसे भरायच्या आधी एकच उत्तर लेखी मागावं: या पदवीवर अमेरिकेतल्या कोणत्या राज्यात वैद्यकीय परवाना मिळतो, त्या राज्याचं नाव द्या.